राखाडी दारामागच्या सासूबाई

शुक्रवारी संध्याकाळी एका भल्यामोठ्या कुत्र्याने मालकाचा मोजा गिळला आणि सूनबाईच्या सहलीचे तीनतेरा वाजले.

कुत्रा परक्याचा होता, मोजाही परक्याचाच. पण त्या कुत्र्याचं पोट उघडून मोजा बाहेर काढायचा होता तो सूनबाईच्या नवऱ्याने. तो जनावरांचा डॉक्टर. "उद्या सकाळी ऑपरेशन करावंच लागेल गं," दारात बूट काढता काढता तो म्हणाला, "आणि मग दोन दिवस त्याच्याजवळून हलता येणार नाही. मला नाही जमणार यायला."

सूनबाई बॅग भरत होती. तिचा हात हवेतच थांबला. ही सहल ती कधीपासून जिवापाड जपत होती. मोठं शहर, तिथला जुना बर्फाचा कारखाना, त्याचं केलेलं झकपक हॉटेल, समोर खुर्च्यांचं संग्रहालय, आणि शनिवारी संध्याकाळी सात वाजता त्या हॉटेलच्या नावाजलेल्या रेस्टॉरंटमध्ये दोघांसाठी राखून ठेवलेलं टेबल. खरं सांगायचं तर तिला खुर्च्यांचं काही सोयरसुतक नव्हतं. तिला हवं होतं ते टेबल. त्या टेबलावर, नवऱ्याच्या तोंडात घास असताना, म्हणजे त्याला लगेच 'नाही' म्हणता येणार नाही अशा वेळी, तिला सांगायचं होतं की आपण आता वेगळं घर करू या.

हे घरात सांगता येत नव्हतं. घरात सासूबाई होत्या. सासूबाई वाईट होत्या असं मुळीच नाही. त्या वाईट असत्या तर काम सोपं झालं असतं. इतक्या वर्षांत दोघींचं एकदाही भांडण झालं नव्हतं. शेजारणी आपापल्या सुनांना या दोघींचा दाखला देत. पण भांडण न होऊ देण्याचे कष्ट काय असतात ते सूनबाईलाच ठाऊक. सासूबाई भल्या पहाटे उठत, म्हणून तीही उठे. सासूबाईंना ओट्यावर खरकटं भांडं दिसू नये म्हणून डोळ्यांवर झोप असतानाही ती सगळं घासून ठेवी. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासताना तिचेच डोळे मिटत. शहराच्या दुसऱ्या टोकाला तिने एक छोटा फ्लॅटही गुपचूप पाहून ठेवला होता. पूर्वेला खिडकी होती. त्या खिडकीला जाड पडदा लावायचा आणि उन्हं चढेपर्यंत झोपायचं, एवढंच तिचं स्वप्न होतं.

"पैसे परत मिळणार नाहीत," ती नवऱ्याला म्हणाली.

"मग तू जा ना. आईला घेऊन जा!" नवऱ्याने असा चेहरा केला, जणू मोजा आत्ताच निघाला. "तिलाही बदल होईल."

सूनबाई काही बोलणार, तोच आतल्या खोलीतून आवाज आला, "माझी बॅग तयार आहे गं!"

त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या सूनबाईने निर्धार केला. ठीक आहे. नवरा नाही तर नाही. ज्यांच्यापासून वेगळं व्हायचं त्यांनाच सरळ सांगू. त्याच टेबलावर, सात वाजता. आता माघार नाही.

हॉटेलात शिरल्यावर सासूबाईंनी आधी काउंटर शोधला. तो कुठेच नव्हता. एक काळ्या कपड्यांतला तरुण एका खांबामागून अलगद प्रकटला आणि हळू आवाजात म्हणाला, "आमच्याकडे काउंटर नसतो. मीच तुमचा सोबती. आमच्याकडे पाहुण्यांनी अनपेक्षिताला भेटावं अशी आमची इच्छा असते."

"अनपेक्षित आम्हाला घरीच भेटलं," सासूबाई म्हणाल्या. "कुत्र्याने मोजा गिळला."

सोबत्याने नम्रपणे मान डोलावली. वरच्या मजल्यावरचा बोळ इतका अंधारा होता की सासूबाईंनी सूनबाईचं कोपर धरलं. दारांवर नंबर नव्हते. प्रत्येक दार राखाडी, पण प्रत्येक राखाडी निराळा, आणि त्या त्या छटेचं नाव म्हणजे त्या खोलीचं नाव. "ही धुक्याची, ही शिशाची, ही ओल्या सिमेंटची," सोबती सांगत चालला. "आणि ही तुमची. पारव्याची."

"सगळी एकाच रंगाची दिसतायत," सासूबाई म्हणाल्या.

"नाही मॅडम. पारव्यात थोडा निळा उतरलाय."

"उतरला असेल. मला तर राखच दिसते."

खोली मात्र खरोखर सुंदर होती. उंच छत, कारखान्याच्या जुन्या लोखंडी तुळया, खिडकीतून खाली दिसणारा नदीचा पट्टा, आणि मधोमध, पलंगाच्या अगदी पायथ्याशी, एक मोठी काचेची पेटी. त्या पेटीत न्हाणीघर होतं. चारही बाजूंनी आरपार.

 पलंग एकच होता आणि त्यावर टॉवेलांचे दोन हंस एकमेकांच्या चोचीला चोच लावून बसले होते.

"बटण दाबलं की काच दुधाळ होते," असं सोबती जाता जाता म्हणाला होता. सूनबाईने बटण दाबलं. खिडकीचे पडदे सरसर उघडले. पुन्हा दाबलं. पलंगाखालून निळा उजेड आला. तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा न्हाणीघराच्या छतातून जोरजोरात संगीत सुरू झालं, ते काही केल्या बंद होईना. काच होती तशीच लख्ख राहिली.

"असू दे," सासूबाई म्हणाल्या. "मी अंघोळ करते तोवर तू बाहेर बोळात थांब. मग तू कर, मी थांबते. एवढं काय त्यात?"

तसं ठरलं. सासूबाईंची अंघोळ उरकली. हॉटेलचा जाड पांढरा झगा अंगावर, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, अशा त्या बाहेर आल्या. चष्मा वाफेने धुरकटला म्हणून टेबलावर काढून ठेवलेला, फोन उशीजवळ चार्जिंगला लावलेला. "जा तू, बिनघोर कर अंघोळ," असं म्हणून त्या बोळात गेल्या आणि पाठीमागून दार ओढून घेतलं. दार खट्ट वाजलं. ते आपोआप बंद होणारं होतं आणि आतून उघडल्याशिवाय किंवा कार्ड दाखवल्याशिवाय उघडणार नव्हतं. कार्ड आत होतं.

सूनबाईने छान वेळ लावून अंघोळ केली. वरून ढोल बडवल्यासारखं संगीत, आणि त्या तालावर ती सातच्या भाषणाची तालीम करत होती. 'आई, तुम्ही मनावर घेऊ नका.' छे, हे नको. 'आई, प्रेम आहे म्हणूनच म्हणते.' हेही नको, यात कुणालाही धोका दिसेल. शेवटी 'आई, मला सकाळी झोपायचं आहे' हे तिला सगळ्यात प्रामाणिक वाटलं. कपडे घालून, केस पुसत तिने दार उघडलं आणि म्हणाली, "या आई."

बोळात कोणी नव्हतं.

या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता अंधार आणि राखाडी दारं. "आई?" तिने हाक मारली.  ती जिन्यापर्यंत गेली, परत आली. खाली सोबत्याला गाठलं.

"आमच्या सासूबाई दिसल्या का?"

"कशा आहेत दिसायला?"

"पांढरा झगा घातलाय. डोक्याला टॉवेल."

सोबत्याने हाताने दाखवलं. खालच्या मजल्यावर वाफेच्या स्नानाची वेळ होती. काचेपलीकडे ओळीने पांढऱ्या झग्यातल्या बायका बसल्या होत्या आणि प्रत्येकीच्या डोक्याला टॉवेल होता. सूनबाई आत शिरली आणि एकेकीच्या चेहऱ्यासमोर जाऊन, दुकानातल्या सवयीने डोळ्यांत डोळे घालून बघू लागली. एक बाई घाबरून म्हणाली, "डोळ्यांना काही झालंय का माझ्या?"

"डाव्या डोळ्याचा नंबर वाढलाय, तपासून घ्या," असं म्हणून सूनबाई पुढच्या बाईकडे वळली. सासूबाई त्यात नव्हत्या.

खोलीत परत येते तो सासूबाईंचा फोन वाजत होता. लेकाचा.

"आई कुठाय?" नवऱ्याने विचारलं. मागे कुत्रा कण्हत होता.

त्याची आई हरवली आहे, चष्म्याशिवाय, अनोळखी शहरात, झग्यात. हे त्याला सांगायचं? आणि त्याच्यापुढे वेगळ्या घराचा विषय काढायचा? जन्मात जमलं नसतं. 'तुला एक आई सांभाळता आली नाही' हे वाक्य तिला स्पष्ट ऐकू आलं. सूनबाईने दात आवळले. आधी शोधायचं, मग सांगायचं.

"अंघोळ करतायत," ती म्हणाली.

हॉटेलच्या दारावरच्या माणसाने मात्र धीर दिला. पांढऱ्या कपड्यांतली एक वयस्कर बाई थोड्या वेळापूर्वी समोरच्या संग्रहालयाकडे जाताना त्याने पाहिली होती. सूनबाई ओल्या केसांनिशी रस्ता ओलांडून धावली. संग्रहालयात दालनामागून दालन नुसत्या खुर्च्या होत्या. लाकडाच्या, लोखंडाच्या, दोरीच्या, एक तर चक्क बरणीसारखी. तिसऱ्या दालनात तिला पांढरी आकृती पाठमोरी दिसली. "आई!" म्हणून तिने खांद्यावर हात ठेवला. आकृती वळली. ती संग्रहालयाची लाकूड तपासणारी बाई होती, पांढऱ्या कोटातली, हातात बारीक कुंचला. तिच्या हातून कुंचला खाली पडला.

 सूनबाई मागे झाली आणि जे मागे होतं त्यावर मटकन बसली. लगेच कर्कश भोंगा वाजू लागला.

पहारेकरी धावत आला. "बाई, उठा! ही खुर्ची बसायची नाहीये!"

"मग कशाला केलीये?"

"बघायला!"

"बसल्याशिवाय कळणार कशी ती?"

पहारेकऱ्याला हा प्रश्न आजवर कोणी विचारला नसावा.  तेवढ्यात सूनबाईच्या खिशात तिचा फोन वाजला.

"अगं, आईची अंघोळ झाली का? आणि हा भोंगा कसला वाजतोय?"

"वाफेचा," सूनबाई म्हणाली. "आई वाफेच्या स्नानाला बसल्यात. मग मसाज आहे."

"मसाज? आईला? तिला कोणी पाय दाबलेलेही चालत नाहीत!"

"इथे चालतंय. हवापालट झाला ना." तिने फोन ठेवला. एकदा खोटं बोललं की त्याचं संगोपन करावं लागतं. आता सासूबाई सापडल्यावर त्यांना मसाजही करवून आणावा लागणार होता.

तिने नदीकाठचा रस्ता पालथा घातला. दिव्यांच्या दुकानात, मातीच्या भांड्यांच्या दुकानात, एका कॉफीच्या दुकानात, जिथे कपांना कान नव्हते आणि गिऱ्हाइकांची बोटं पोळत होती, सगळीकडे तिने विचारलं. पांढरा झगा कोणी पाहिला नव्हता. सात वाजत आले तशी ती हॉटेलात परतली. चेहरा उतरलेला, पण कंबर कसलेली. तिला एक गोष्ट पक्की माहीत होती: सासूबाईंनी आयुष्यात जेवणाची वेळ चुकवलेली नाही. टेबल सातचं आहे हे त्यांना ठाऊक होतं. त्या जिथे कुठे असतील तिथून सातला टेबलावर येतील. आल्या नाहीत तर पोलीस, आणि मग नवरा. त्याच क्रमाने.

रेस्टॉरंटमध्ये दर टेबलावर एकेक दिवा, बाकी मिट्ट. आपल्या ताटात काय आहे ते कळू नये अशीच रचना असावी. सूनबाई दाराकडे तोंड करून बसली. पाठीमागच्या टेबलावर एक तरुण जोडपं आणि त्यांच्यासोबत भडक केशरी पोशाखातली, कानांत लांब लोंबते डूल घातलेली कोणी बाई, असे तिघं हसत-खिदळत जेवत होते. सूनबाईने त्यांच्याकडे नीट पाहिलंही नाही. तिचे डोळे पांढरा झगा शोधत होते.

"दुसरे पाहुणे?" वाढप्याने कुजबुजत विचारलं.

"येतायत."

तो दोघांचं वाढून गेला. "हे मातीतलं गाजर," त्याने सांगितलं. "मातीसकट खायचं. माती खाण्याची आहे." सूनबाईने विचार केला, दिवसभर मी दुसरं काय केलं? आणि ती माती खाऊन टाकली. भूक इतकी लागली होती की सासूबाईंच्या वाटचीही खाल्ली. मग कांद्याचा ढग आला. तोही दोन्ही. दाराकडे बघत, एकेक घास गिळत ती वाट पाहत राहिली.

आणि मग पाठीमागून आवाज आला. केशरी पोशाखातून आला, पण आवाज ओळखीचा होता. गेली कित्येक वर्षं पहाटे सगळ्यांत आधी तोच तिच्या कानांवर पडत आला होता.

"तुम्ही नवीन लग्नाचे आहात म्हणून सांगते," तो आवाज म्हणत होता. "वेगळं राहा. पहिल्या दिवसापासून. माझंच बघा. सून इतकी गुणाची, की तिला 'आता तुम्ही तुमचं घर बघा' असं सांगायला मला तोंडच नाही. किती वर्षं झाली, गिळून बसलेय. तो कुत्रा परवडला, त्याने एक मोजाच गिळला."

सूनबाईच्या घशात ढग अडकला.

"म्हणून तर मी आले हिच्याबरोबर," आवाज पुढे म्हणाला. "म्हटलं, लेक नाहीये, बरी वेळ आहे. आज सात वाजता सांगूनच टाकायचं. पण ती अजून आलीच नाही बघा. एरवी जेवणाला कधी उशीर करत नाही."

सूनबाई खुर्चीसकट मागे वळली. खुर्चीचे पाय फरशीवर करकरले. सासूबाईंनी डोळे बारीक करून दिव्यापलीकडे पाहिलं.

"आलीस का? कुठे होतीस इतका वेळ? बस, बीट घे. हे धुरातलं आहे."

"कुठे होते? मी कुठे होते?" सूनबाईचा आवाज चढला. "तुम्ही कुठे होतात, आई?"

ते मग नव्या नवरीने सांगितलं. ती आणि तिचा नवरा 'धुक्याच्या' खोलीत उतरले होते. दुपारी फिरून आले, तर त्यांच्या पलंगावर एक आजीबाई झग्यात गाढ झोपलेल्या. बोळात उभं राहून पाय दुखल्यावर सासूबाईंना एक दार किलकिलं दिसलं होतं. झाडणारी बाई चादरी आणायला गेली असावी. चष्म्यावाचून सगळीच राख. त्या आत शिरल्या, काचेच्या पेटीत सून नाही हे पाहिलं, 'गेली असेल खाली' असं म्हणून आडव्या झाल्या, आणि त्यांना डुलकी लागली.

"आम्हाला वाटलं हॉटेलनेच ठेवल्यात," नवरदेव ओशाळून म्हणाला. "तो सोबती म्हणाला होता ना, अनपेक्षिताला भेटा."

"म्हणून उठवलं नाही," नवरी म्हणाली. "इतक्या शांत झोपल्या होत्या. मग जाग आल्यावर तुमची खोली शोधली, पण नाव आठवेना. एकदोन दारं वाजवली. शेवटी म्हटलं, झग्यात कुठे येणार जेवायला, म्हणून माझा ड्रेस दिला."

"घट्ट आहे, पण झोक आहे," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी डूल हलवून दाखवले.

खरं म्हणजे हा सुटकेचा क्षण होता. सासूबाई सापडल्या होत्या, धडधाकट होत्या, आणि सूनबाईच्या मनातलं त्या स्वतःच बोलून बसल्या होत्या. आंधळा मागतो एक डोळा म्हणतात, तिला तर दोन्ही मिळाले होते, वर चष्मा फुकट. तिने उठून पेढ्यांची, म्हणजे जे काय मिळेल त्याची ऑर्डर द्यायला हवी होती. त्याऐवजी तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"म्हणजे मी नकोशी झालेय तुम्हाला?"

"असं कुठे म्हटलं मी?"

"घराबाहेर काढताय, परक्या माणसांसमोर, आणि म्हणे असं कुठे म्हटलं! मी काय कमी केलं, आई? तुमच्या आधी उठते. एक भांडं कधी ठेवलं नाही ओट्यावर."

"हेच ते!" सासूबाईंनी काटा खाली ठेवला. "कोणी सांगितलं होतं उठायला? तू उठतेस म्हणून मला उठावं लागतं! सून कामाला लागली आणि सासू घोरतेय, हे बरं दिसतं का? मला आठ वाजेपर्यंत लोळायचं असतं गं. भांडी सकाळपर्यंत तशीच ठेवायची असतात. रेडिओ मोठ्याने लावायचा असतो. तू अशी चांगली वागतेस की मला माझ्याच घरात वाईट वागायची सोय नाही!"

नवरा-नवरी ताटात बघू लागली. वाढप्या पुढचं ताट घेऊन आला होता, तो दोन पावलं मागे सरला.

सूनबाई थक्क झाली. पहाटे तीही उठत होती आणि त्याही, आणि दोघीही एकमेकींच्या धाकाने. पण चांगलं वागण्याचा हा असा परतावा तिला सोसवेना. ती तावातावाने म्हणाली, "ठीक आहे! जातो आम्ही. नाहीतरी तो फ्लॅट अजून रिकामाच आहे."



"कोणता फ्लॅट?" सासूबाईंनी हळूच विचारलं.

सूनबाईने जीभ चावली, पण बाण सुटला होता.

"म्हणजे तू घर बघूनसुद्धा आलीस?" आता सासूबाईंचा आवाज कापरा झाला. "माझ्या पाठीमागे? इतकी कंटाळलीस मला? आणि मी वेडी, तुला कसं सांगू, तुला काय वाटेल म्हणून वर्षानुवर्षं झुरतेय!"

"मी तरी दुसरं काय करत होते?"

नवरदेव भला माणूस होता. त्याला राहवेना. "माफ करा," तो म्हणाला, "पण तुम्हा दोघींनाही तर एकच गोष्ट हवीये. मग भांडण कशावरून चाललंय?"

"तुम्ही मध्ये पडू नका!" दोघी एकदम म्हणाल्या.

तेवढ्यात सूनबाईने बरोबर आणलेला सासूबाईंचा फोन वाजला. सूनबाईने तो उचलला आणि सासूबाईंच्या कानाला लावला. "आई! मसाज झाला?" पलीकडून लेकाने विचारलं.

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. सूनबाईने मान खाली घातली.

"झाला," सासूबाई म्हणाल्या. "चांगला रगडून झाला. ठेव आता, बीट गार होतंय."

रविवारी सकाळी खोलीत ऊन पसरलं तरी पलंगावर कोणी हललं नाही. सूनबाईला जाग आली तेव्हा सूर्य चांगलाच वर आला होता. तिने भीत भीत मान वळवली. शेजारी सासूबाई डोळे सताड उघडे ठेवून छताकडे बघत पडल्या होत्या.

"किती वेळ झाला जागं होऊन?" तिने विचारलं.

"बराच. पण मी काही आधी उठणार नाही," सासूबाई म्हणाल्या. "तू ऊठ."

"मी पण नाही."

नाश्त्याची वेळ दोघींनी पडल्या पडल्या घालवली. मग नदीकाठची दुकानं पाहिली. सासूबाईंनी बिनकानाचा एक कप स्वतःच्या घरासाठी घेतला आणि 'माझ्या घरासाठी' हे शब्द दुकानदाराला दोनदा ऐकवले. सूनबाईने तसाच दुसरा घेतला. संग्रहालयाच्या पहारेकऱ्याने सूनबाईला ओळखलं आणि दारातच हात जोडले.

परतीच्या गाडीत सूनबाईने घरं दाखवणाऱ्या एजंटाला फोन लावला. "तो लांबचा फ्लॅट नको," ती म्हणाली. "फारच लांब पडतो. आमच्या गल्लीत काही आहे का?"

सासूबाई डोळे मिटून बसल्या होत्या. तशाच म्हणाल्या, "गल्लीत नको."

"का?"

"येता-जाता डोकावशील."

"मग तुम्हाला ताप आला तर कोण बघणार? तुमचा लेक? तो ताप बघायला आधी कान वर करून बघतो!"

"पुढच्या गल्लीत चालेल."

एजंटाने पुढची गल्ली पाहिली. तिथे एक घर होतं, फक्त त्याच्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी सासूबाईंच्या स्वयंपाकघरासमोर येत होती.

"घ्या," सासूबाई म्हणाल्या. "पण पडदा लावावा लागेल."

"लावा की."

"मी? मी का लावू? माझं घर आधीपासून तिथे आहे. नवीन येणाऱ्याने लावावा."

"बघायचं नाहीये ते तुम्हाला! ज्याला बघायचं नाही त्याने लावावा!"

"मला बघायचं नाही असं कोण म्हणालं? तू भांडी किती वेळ ठेवतेस ते मला बघायचंय!"

डब्यातली माणसं वळून बघू लागली. दोघींना त्याची शुद्ध नव्हती. इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं बाहेर पडत होतं. कुकरची शिट्टी, टॉवेलाची घडी, चहातली साखर, एकही विषय सुटला नाही. भांडता भांडता सूनबाईने सासूबाईंना पाण्याची बाटली उघडून दिली, आणि सासूबाईंनी घोटभर पिऊन, "तर काय म्हणत होते मी," असं म्हणत पुढे सुरू केलं.

स्टेशनवर नवरा उभा होता. कुत्रा वाचला होता, मोजा धुऊन मालकाला परत दिला होता, तो खुशीत होता. पण डबा थांबायच्या आधीच त्याला आवाज ऐकू आला. दारातून त्याची आई आणि बायको उतरल्या, दोघींचे चेहरे लालबुंद, दोघींचे हात हवेत.  उभ्या आयुष्यात त्याने या दोघींना भांडताना पाहिलं नव्हतं.

"माझीच चूक झाली," तो पुढे होऊन, दोघींच्या मध्ये हात पसरून म्हणाला. "मी पाठवायलाच नको होतं तुम्हाला एकत्र. आता पुन्हा असं होणार नाही. पुढच्या वेळी मीच येतो, कोणी मोजा गिळो नाहीतर अख्खा बूट."

दोघी थांबल्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग एकमेकींकडे.

"तू कशाला?" आई म्हणाली.

"बॅगा घे तू," बायको म्हणाली.

आणि पडद्याचा विषय जिथे राहिला होता तिथून धरून, एकमेकींच्या कोपराला धरून, दोघी जिना चढू लागल्या.